१४१ टेप्स आणि एक बाभळीचा काटा

मागच्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता आई म्हणाली, "तू एवढा कम्प्युटरवाला ना, मग एक काम कर. दादानं बाबांच्या ग्रामोफोनबद्दल नेटवर काहीतरी लिहिलं होतं. ते मला शोधून दे."

दादा म्हणजे माझा मामा. १९८८ साली सांगलीहून अमेरिकेत शिकायला गेला, तिथेच राहिला आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला. बाबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याकडे चावी देऊन वाजणारा, मोठ्या भोंग्याचा ग्रामोफोन होता. सुयांना पैसे पडायचे म्हणून ते बाभळीचा काटा तासून लावायचे, ही आमच्या घरात शंभरदा सांगितलेली गोष्ट. तीच मामानं कुठेतरी लिहिली आणि अनोळखी लोकांनी वाचली, असं त्यानं आईला एकदा फोनवर सांगितलं होतं. आईनं ती कधी वाचली नाही. तेव्हा आमच्याकडे कम्प्युटर नव्हता, फोनसुद्धा शेजारच्या काकूंकडे यायचा.

"कुठे लिहिलं होतं?"

"नेटवर."

"अगं, नेटवर म्हणजे कुठे? आणि कधी?"

"कुठे ते मला काय माहीत? पण माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. दिवाळसणाला आला नाहीस म्हणून मी त्याच्यावर चिडले होते, तेव्हा त्यानं सांगितलं."

म्हणजे नोव्हेंबर १९९४. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. लागले तीन आठवडे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तो मागच्या वर्षीचा ट्रेकचा मेसेज' शोधताना बोट दुखेपर्यंत स्क्रोल केलेल्या कुणालाही हे दुखणं कळेल. जुनं बोलणं कसं सापडतं, हे शोधत गेलो तेव्हा आधी दुसराच प्रश्न समोर आला: ते मुळात उरतं कसं?

पुसलं जाण्यासाठीच लिहिलेलं

१९९४ मध्ये वेब नुकतंच रांगायला लागलं होतं. विद्यापीठांतली माणसं गप्पा मारायची ती युजनेटवर. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना कल्पना सुचली, की युनिक्स चालवणाऱ्या कम्प्युटरांनी एकमेकांना फोन लावून मेसेजची देवाणघेवाण करावी. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी पहिली आवृत्ती लिहिली, तीही साध्या शेल स्क्रिप्टमध्ये. १९८० मध्ये ती इतरांसाठी खुली झाली.

युजनेटला मधला मोठा सर्व्हर नव्हता. एक कम्प्युटर दुसऱ्याला फोन लावायचा, बहुतेक वेळा रात्री, दर स्वस्त असताना. आपल्याकडचे नवे मेसेज द्यायचे, त्याच्याकडचे घ्यायचे. तो पुढे तिसऱ्याला. टपालाची पिशवी एका एसटीतून दुसऱ्या एसटीत टाकावी तसा मेसेज गावोगाव पोचायचा.

१९८७ मध्ये तिथल्या सगळ्या गटांची नावं नव्यानं लावली गेली. कम्प्युटरबद्दल बोलायचं तर 'कॉम्प', विज्ञानाबद्दल 'साय', समाज-संस्कृतीबद्दल 'सॉक'. आणि छंदांसाठी 'रेक', म्हणजे रिक्रिएशन. स्वयंपाक, सायकली, पक्षी, सिनेमा, सगळं या 'रेक'खाली. त्यातच पुढे आला रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क, म्हणजे हिंदी सिनेसंगीतावर रात्रंदिवस वाद घालणाऱ्यांचा अड्डा. त्यातले लोक त्याला लाडानं आरएमआयएम म्हणत. मराठी लोकांचाही वेगळा गट होता, सॉक.कल्चर.इंडियन.मराठी. मामाच्या ओळखीच्या एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, "तो? तो आरएमआयएमवर पडीक असायचा."

आता अडचण अशी, की हे सगळं टिकावं म्हणून कुणी लिहीतच नव्हतं. डिस्क लहान होत्या आणि महाग होत्या. मेसेज काही दिवस, फार तर काही आठवडे राहायचा. मग तो कम्प्युटर आपोआप पुसून टाकायचा. यात कुणाला तोटा वाटत नव्हता. कट्ट्यावरचं बोलणं कट्ट्यावरच राहतं, तसंच हे.

प्राणिशास्त्र विभागातला माणूस

अपवाद एका माणसाचा. हेन्री स्पेन्सर हे टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कम्प्युटर सांभाळायचे. त्या कम्प्युटरचं नावच 'यूटीझू', म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टोरांटो, झूलॉजी. १९८१ पासून त्यांनी येणारे मेसेज पुसले जाण्याआधी मॅग्नेटिक टेपवर उतरवून ठेवायला सुरुवात केली. त्यांना हे काम कुणी दिलेलं नव्हतं. १९९१ पर्यंत १४१ टेप्स भरल्या. त्यांत सुमारे २० लाख मेसेज होते.

त्या काळची टेप म्हणजे खिशात मावणारी कॅसेट नव्हे, तर ताटाएवढं रीळ. ती कपाटं अडवते, तिला धूळ आणि दमट हवा चालत नाही, आणि तिच्यावर काय आहे ते नुसतं बघून कळत नाही. दहा वर्षं हा व्याप सांभाळणाऱ्या माणसाला आसपासच्यांनी नक्कीच कधीतरी विचारलं असेल, की हे कशाला?

स्पेन्सर यांचं नाव मला आधीपासून माहीत होतं, पण वेगळ्याच कारणानं. आम्ही प्रोग्रामर मजकुरात शोधण्यासाठी 'रेग्युलर एक्स्प्रेशन' नावाचं हत्यार वापरतो. नेमका शब्द आठवत नसला तर त्याचा साचा सांगायचा: अमुक अक्षरानं सुरू होणारं, मध्ये काहीही, शेवटी आकडा. १९८०च्या दशकात स्पेन्सर यांनी असा साचा शोधणारा कोड लिहून फुकट वाटला. पर्ल या भाषेतला असा शोध त्याच्यावरूनच पुढे वाढला. म्हणजे जुनं बोलणं साठवणारा आणि ते शोधण्याचं हत्यार घडवणारा माणूस एकच होता. आमच्या अभ्यासक्रमात रेग्युलर एक्स्प्रेशन होतं. टेप्स नव्हत्या.

पुढे वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या डेव्हिड वाइजमन यांनी त्या टेप्स पिकअप ट्रकमधून आपल्याकडे नेल्या, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक रीळ वाचून मजकूर उतरवून घेतला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा भाग आणखी काही जणांनी सीडींवर आणि स्वतःच्या संग्रहांत ठेवला होता. हे सगळे तुकडे जोडून गूगलनं डिसेंबर २००१ मध्ये युजनेटचा २० वर्षांचा साठा खुला केला. ७० कोटींहून जास्त मेसेज.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, पण हा नुसता छंद आहे, असं युजनेटवरच जाहीर केलं होतं. त्यातून लिनक्स झालं, जे आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. तो मेसेज आज वाचता येतो, कारण कुणीतरी त्या आठवड्याचे मेसेज ठेवले होते. कुठला मेसेज पुढे मोठा ठरणार हे तेव्हा कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, म्हणून निवड न करता सगळंच ठेवणं हा एकच मार्ग होता.

एक स्माइली शोधायला काय लागतं

कुठेतरी असणं आणि सापडणं यात किती अंतर असतं, हे दाखवणारी एक गोष्ट आहे. ती युजनेटची नाही, अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आतल्या सूचनाफलकाची आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये तिथे एक वात्रट चर्चा रंगली होती: लिफ्टचा दोर तुटून ती खाली पडू लागली तर आतल्या वस्तूंचं काय होईल? त्यातून कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची खोटी सूचना टाकली, आणि काहींना ती खरीच वाटली. मग विनोद कुठला हे कळायला खूण हवी, अशी चर्चा सुरू झाली. १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोदाला :-) लावा आणि विनोद नसेल तिथे :-( लावा.

त्या खुणा जगभर गेल्या, मूळ मेसेज मात्र नाहीसा झाला. फालमन यांच्याकडेही तो नव्हता. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या माइक जोन्स यांनी तो शोधायचं मनावर घेतलं, आणि विद्यापीठातल्या जेफ बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष शोधला. आधी १९८२ सालातली नेमकी बॅकअप टेप हुडकावी लागली. मग ती वाचू शकेल असा, अजून चालू असलेला टेप ड्राइव्ह मिळवावा लागला. मग त्या काळच्या फाइलची रचना उलगडावी लागली. आणि सगळ्यात शेवटी आपण ज्याला 'सर्च' म्हणतो ते करावं लागलं. १० सप्टेंबर २००२ रोजी मेसेज सापडला.

आपल्या डोक्यात सर्च म्हणजे फक्त ही शेवटची पायरी असते. पट्टीत शब्द टाकला की झालं. आधीच्या तिन्ही पायऱ्या माणसांच्या आठवणीवर चालल्या होत्या: साधारण कुठला महिना होता, कुठलं यंत्र होतं, जुनं सामान कुठे ठेवलंय.

दुर्मीळ शब्दाची किंमत

मामाकडे वळतो. त्याच्या नावानं शोधलं, काही नाही. मग आईनं ट्रंकेतून त्याची एरोग्राम काढली. १९९१ च्या एका पत्राखाली त्यानं ईमेलचा पत्ता लिहिला होता, जणू आई सांगलीतून त्याला ईमेलच करणार होती! त्या पत्त्यात त्याचं आडनाव अर्धवट होतं. जुन्या युनिक्सवर खात्याचं नाव साधारणपणे आठ अक्षरांत बसवायला लागायचं. आडनाव लांब, त्यामुळे शेवटचं 'कर' कापलं गेलं होतं. मी पूर्ण आडनाव टाकत होतो, म्हणून तो सापडत नव्हता.

अर्धं आडनाव टाकल्यावर तो भेटला. गाण्याचा संगीतकार कोण यावरून भांडणारा, एका बंगाली गृहस्थाशी चार दिवस हुज्जत घालून शेवटी "तुमचं बरोबर" म्हणणारा. पण १९९३ मध्ये मेसेज थांबले. त्याचं शिक्षण संपलं होतं, ते खातं बंद झालं होतं. १९९४ चा पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

म्हणजे आता लेखक बाजूला ठेवून मजकुरातूनच शोधायचं होतं. इथे केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांची एक कल्पना कामी आली. १९७२ च्या एका निबंधात त्यांनी मांडलं, की शोधताना सगळे शब्द सारख्या किमतीचे धरू नयेत. जो शब्द कमीत कमी लेखांत येतो त्याला जास्त वजन द्यावं. आज ऐकताना हे साधं वाटतं, पण पुढची कित्येक वर्षं सर्च इंजिनं या तत्त्वावर चालत आली आहेत. आरएमआयएमवर 'गाणं' शोधणं म्हणजे पंढरपुरात आषाढीला 'टोपीवाला माणूस' शोधणं. 'ग्रामोफोन'वरही शेकडो मेसेज आले. माझ्याकडे एकच दुर्मीळ शब्द होता: बाभूळ.

पण तो लिहिला कसा असेल? तेव्हा तिथे देवनागरी नव्हती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत ती होती, पण घरोघरच्या कम्प्युटरवर ती दिसायला २००० साल उजाडावं लागलं. लोक रोमन लिपीत लिहीत. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स या पद्धतीचे नियम आरएमआयएमवर गाण्यांचे शब्द लिहायला वापरले जायचे: कॅपिटल टी म्हणजे ट, लहान टी म्हणजे त. पण गप्पांत हे नियम कोण पाळतं? साधं 'आहे' एक जण एका ए-नं लिहायचा, दुसरा दोन. 'बाभूळ'ची मी चौदा स्पेलिंगं करून पाहिली. ऊकार दीर्घ, ऱ्हस्व, ह सकट, ह शिवाय, शेवटी एल लहान, एल कॅपिटल. शून्य.

इथे थोडं विषयांतर. हे दुखणं देवनागरी आल्यावर संपलं असं वाटेल, पण नाही. मधल्या काळात मराठी मजकूर खास फॉन्टमध्ये टाइप व्हायचा. दिसायला देवनागरी, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट गेला की पान म्हणजे नुसता कचरा, आणि त्यात मराठी शब्द शोधणं अशक्य. आज युनिकोड असूनही गंमत आहे. 'ऱ्हस्व'मधला तो अर्धा ऱ दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. दिसतो एकच, कम्प्युटरला दोन वाटतात. 'ॲप'मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन वेळ भागवायचे. तुमच्या गटातली जुनी मराठी चर्चा सापडत नसेल तर ती नाहीच असं धरू नका. दुसऱ्या प्रकारे टाइप करून पाहा.

शब्द हरले की मग काय? आपल्याकडे याचं फार जुनं उत्तर आहे. ऋग्वेदाची कात्यायनाच्या नावावरची 'सर्वानुक्रमणी' ही एका अर्थानं शोधसूचीच आहे. प्रत्येक सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद, एवढंच तिच्यात नोंदलंय. आत काय म्हटलंय ते नाही. कुणी म्हटलं, कुणाला उद्देशून, कुठल्या रूपात. युजनेटच्या मेसेजच्या डोक्यावरही हेच असायचं: पाठवणारा, गट, विषय, तारीख, आणि कुठल्या मेसेजला उत्तर आहे त्याचा क्रमांक.

'कुणाला उद्देशून' यावर मी अडखळलो. मामा हे आईला सांगत नव्हता. तो तमिळ, बंगाली, पंजाबी लोकांना सांगत होता, अमेरिकेत बसून, इंग्रजीत. त्यांना 'बाभूळ' काय कळणार? मी आमच्या घरातला शब्द शोधत होतो. त्यानं वापरला असणार त्यांना कळेल असा शब्द. 'काटा'चं इंग्रजी टाकलं तर गाण्यांच्या भाषांतरांतले सगळे काटे वर आले. मग बाभळीचं पुस्तकी इंग्रजी नाव टाकलं: अकेशिया.

१९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तो शब्द एकाच मेसेजमध्ये होता. खाली सहीच्या जागी नावाची आद्याक्षरं आणि 'सांगली'.

जुन्या तबकड्यांमधली खरखर सुईमुळे की तबकडीमुळे, असा कुणाचा तरी प्रश्न होता. मामानं वीसेक ओळींचं उत्तर दिलं होतं. कृष्णाकाठच्या बाभळीचे काटे वडील कसे वाळवायचे, चाकूनं कसे तासायचे, एक काटा दोन-तीन तबकड्यांत कसा बोथट व्हायचा. काट्याचा आवाज सुईपेक्षा बारीक येतो, त्यामुळे गाणं लागलं की घरात सगळ्यांनी गप्प बसायचं असा नियम होता. आपण ऐकायला शिकलो ते त्या काट्यामुळे, असं त्यानं लिहिलं होतं. मी प्रिंट काढली आणि आईला मराठीत वाचून दाखवली. तिनं ती देवघरातल्या पोथीत ठेवली.

जे ठेवू नका म्हटलं होतं

इथे लेख संपवता आला असता. पण मेसेजच्या क्रमांकांचा माग काढत मी पुढे गेलो.

१९९५ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये डेजा न्यूज नावाची सेवा सुरू झाली. युजनेटचे मेसेज ती पुसत नव्हती, साठवत होती, आणि वेबवरून कुणालाही नावानं किंवा शब्दानं शोधू देत होती. २००१ च्या सुरुवातीला गूगलनं विकत घेतला तो हाच साठा. आम्हाला शोधणाऱ्यांना ही मेजवानी. पण लिहिणाऱ्यांच्या बाजूनं बघा. चार दिवसांत पुसलं जाईल या भरवशावर माणसं बोलली होती. नोकरी, घटस्फोट, आजार, रागाच्या भरातल्या शिव्या. आता तेच बोलणं नाव टाकलं की समोर येऊ लागलं. यावर एक तोडगा निघाला: मेसेजच्या डोक्यावर 'एक्स-नो-आर्काइव्ह' अशी ओळ टाकली, की डेजा न्यूज तो मेसेज साठवत नसे.

१९९६ नंतर साठ्यात मामाचा एकही मेसेज नाही. पण तो बोलायचा थांबला नव्हता, कारण लोक त्याला उत्तरं देत होते. युजनेटवर उत्तर देताना समोरच्याच्या ओळी > या खुणेमागे उतरवून घ्यायची पद्धत होती. मामानं आपला मेसेज ठेवू नका म्हटलं तरी दुसऱ्याच्या उत्तरात त्याच्या ओळी अडकून राहायच्या. काट्यांवरची ती चर्चा १९९६ मध्ये कुणीतरी पुन्हा उकरली, आणि विचारलं, तुमच्या वडिलांचा ग्रामोफोन अजून आहे का? मामाचं उत्तर साठ्यात नाही. पण त्या उत्तरावरच्या एका उत्तरात, > च्या मागे, त्याच्या तीन ओळी आहेत.

ग्रामोफोन आता नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज भरायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांना न विचारता मी तो विकला. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मी अजून ऐकतो आहे.

मी लॅपटॉप बंद केला. शोधायला मला सांगितलं होतं ग्रामोफोनबद्दलचं लिखाण. हेही ग्रामोफोनबद्दलचंच होतं. पण हे ठेवू नका असं त्यानं स्वतः सांगितलं होतं. माझं शोधण्याचं कसब आणि त्याची पुसण्याची इच्छा, यांत मोठं काय? स्पेन्सर यांनी निवड न करता सगळं ठेवलं म्हणून मला ते थोर वाटले. तोच न्याय मामाच्या या तीन ओळींना लावताना मात्र जड गेलं. आठवडाभर मी काही बोललो नाही. मग वाटलं, हे गुपित त्या दोघांचं, आणि आता दोघंही नाहीत. त्यावर हक्क असलाच तर आईचा आहे. मी तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "हो, माहितीये की. मिरजेला नेऊन विकला. भोंगा मांडीवर घेऊन मीच बसले होते एसटीत."

"मग आजोबा? त्यांना न विचारता..."

"अरे, त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. ते काही बोलले नाहीत. फक्त काट्यांची डबी होती ना, ती त्यांनी पेटीतून आधीच काढून ठेवली. मी पाहिलं होतं." मग थोडा वेळ गेला. "हे दादाला सांगायचं राहूनच गेलं."

७० कोटी मेसेजमध्ये ही ओळ कुठेच नाही. मामा जे न बोलणं आयुष्यभर ऐकत राहिला, त्याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं. त्यानं ते शोधलं नाही, आईनं सांगितलं नाही. मीही तीन आठवडे यंत्रात डोकं घालून बसलो, आणि जिच्यापासून शोध सुरू झाला तिला पुरतं विचारलंच नव्हतं.

गूगलनं २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटचे नवे मेसेज घेणं बंद केलं. जुना साठा अजून आहे. किती दिवस, ते त्यांच्या मर्जीवर. आपल्या आजच्या गप्पा तर कंपन्यांच्या कुलपात आहेत, आणि फोन बदलताना बॅकअप घ्यायला आपण विसरतो. प्रत्येक पिढीत कपाटं अडवणारा हेन्री स्पेन्सर मिळेलच असं नाही.

आईच्या परवानगीनं हे सगळं लिहितोय. त्या संध्याकाळी मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिला म्हटलं, ग्रामोफोनबद्दल आठवतंय ते सगळं पहिल्यापासून सांग. ती चाळीस मिनिटं बोलली. फाइलला नाव देताना मी तारीख घातली, तिचं नाव घातलं, सांगली-मिरज घातलं. आणि शेवटी तिन्ही शब्द टाकले: बाभूळ, बाभळ, अकेशिया. पुढे कुणी शोधेल तेव्हा कुठला शब्द वापरेल, ते मला कसं कळणार?